ब्लॉकचेन मतदार प्रमाणीकरण

मतदार यादीतला माणूस तोच आहे आणि त्याने एकदाच मत दिले आहे, हे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या, मागाहून फेरफार केल्यास पकडल्या जाणाऱ्या नोंदवहीवरून पडताळण्याची पद्धत. तिच्या निरनिराळ्या रूपांसाठी पेटंट अर्ज झाले आहेत. अमेरिकी टपाल सेवेचा अर्ज ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

नागपुरात १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा हे काम कागदावरच चालले. पहिला अधिकारी अनुक्रमांक व नाव मोठ्याने वाचतो, उमेदवारांचे पोलिंग एजंट आपापल्या यादीवर खूण करतात. दुसरा अधिकारी ‘नमुना १७-अ’ या मतदार रजिस्टरमध्ये सही घेऊन बोटाला शाई लावतो. तिसरा मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचे बटण दाबतो. कोण आले हे रजिस्टरला कळते, कोणाला मत दिले हे कळत नाही. संगणकावर नेमकी हीच फारकत राखणे जिकिरीचे.

त्यासाठी अमेरिकी कूटशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्ये मांडलेली ‘अंध स्वाक्षरी’ वापरता येते. मतदार एक यादृच्छिक आकडा गणिती आवरणात झाकून पाठवतो. यंत्रणा ओळख तपासून आवरणावरच सही करते, जणू कार्बन लावलेल्या बंद पाकिटावर. आवरण काढले तरी सही आकड्यावर कायम राहते. मत देताना ब्लॉकचेनची नोंदवही ठेवणारे संगणक दोनच गोष्टी पाहतात: सही खरी आहे का आणि हा आकडा आधी वापरला गेला आहे का.

नोंदवही मात्र हाती आलेलेच जपते. मोबाइलमधले व्हायरस किंवा घरात पाठीशी उभा राहून बटण दाबायला लावणारा नातेवाईक तिला दिसत नाही. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात २०१८ मध्ये वापरलेल्या ‘व्होट्झ’ या मतदान ॲपमधील त्रुटी एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवल्या. मॉस्कोच्या २०१९ च्या ऑनलाइन मतदान प्रणालीतील कूटचाव्या (मत सांकेतिक रूपात झाकणारे आकडे) इतक्या लहान होत्या, की एका फ्रेंच संशोधकाने त्या साध्या संगणकावर सुमारे वीस मिनिटांत फोडल्या.

भारतात पेटंट कायदा, १९७० चे कलम ३(के) नुसता अल्गोरिदम किंवा संगणक प्रोग्राम पेटंटयोग्य मानत नाही. तांत्रिक परिणाम दाखवावा लागतो. पेटंट परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. परीक्षक नावीन्य तपासतो. निवडणूक सुरक्षित होईल का, हा प्रश्न त्याच्या टेबलावर येतच नाही.

गाव सोडून बाहेर राहणाऱ्यांसाठी निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेले दूरस्थ मतदान यंत्र ७२ मतदारसंघांपर्यंतचे मतदान हाताळू शकणारे होते. ते ब्लॉकचेनवर नव्हते, इंटरनेटलाही जोडलेले नव्हते.