पार्श्वभूमी : लग्न शेवटच्या चाकरीआधीचे की नंतरचे?

अमेरिकेच्या क्रांतियुद्धात लढलेल्या साध्या शिपायाच्या विधवेला, केवळ ती त्याची विधवा आहे म्हणून, केंद्राच्या सर्वसाधारण कायद्याने पेन्शन मिळू लागले ते १८३६ साली. युद्ध संपले होते १७८३ मध्ये. १७७८ साली विशीत असलेली बायको तोवर अठ्ठ्याहत्तरीला पोचलेली, तीही हयात असली तर. पुढची बरीचशी ओढाताण या उशिरातूनच झाली.

त्याआधीची कथा थोडक्यात आटोपता येते, कारण तीत विधवा फारशी नाहीच. १७७६ चा पहिला ठराव अपंग झालेल्यांपुरता होता. १७७८ मध्ये युद्ध संपेपर्यंत टिकणाऱ्या अधिकाऱ्यांना सात वर्षे अर्ध्या पगाराचे वचन मिळाले, शिपायांना एकरकमी ८० डॉलर. ऑगस्ट १७८० मध्ये सेवेत असताना मेलेल्या अधिकाऱ्यांच्या विधवांना आणि पोरक्या मुलांना सात वर्षांचा अर्धा पगार मंजूर झाला. इथेही फक्त अधिकारीच. त्याच वर्षी ऑक्टोबरात अधिकाऱ्यांना तहहयात अर्धा पगार कबूल झाला. त्यावर इतका गदारोळ उठला की १७८३ मध्ये त्याऐवजी पाच वर्षांचा पूर्ण पगार देऊन विषय मिटवला गेला. फुकट खाणारा एक लष्करी वर्ग आपण पोसतो आहोत, ही तक्रार तेव्हापासूनची.

त्याच वर्षांत आपल्याकडे इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध चालू होते. वडगाव १७७९ चे, सालबाईचा तह १७८२ चा. लढाईत पडलेल्याच्या घरच्यांना बालपरवेशी, म्हणजे मुलाबाळांच्या पालनपोषणाची नेमणूक, लावून द्यायची रीत पेशवे दप्तरात सापडते. ती धन्याची मेहेरबानी होती. अमेरिकेतला वादही शेवटी इथेच येऊन थांबे : पेन्शन ही मेहेरबानी की थकलेले देणे?

१८१८ च्या कायद्याने प्रथमच अपंग नसलेल्यांनाही पेन्शन दिले. नियमित सैन्यात नऊ महिने किंवा युद्धाच्या शेवटापर्यंत सेवा हवी आणि माणूस गरजू हवा. शिपायाला महिना ८ डॉलर, अधिकाऱ्याला २०. अर्ज सुमारे २० हजार आले. सरकारला धडकी भरली आणि १८२० मध्ये नियम झाला की प्रत्येकाने आपली मालमत्ता शपथेवर लिहून द्यावी. त्या याद्या आजही वाचवत नाहीत. एक गाय, एक लोखंडी भांडे, सूत काततो ते चाक, मोडक्या खुर्च्या, खाली कर्जाचा आकडा. आणि त्यानंतर घरातली माणसे : बायको, वय अमुक, संधिवाताने आजारी, कामाला उपयोगी नाही. सैनिकाची बायको या सरकारी कागदांत पहिल्यांदा दिसते ती अशी, नवऱ्याच्या गरिबीचा पुरावा म्हणून.

१८३२ चा कायदा सैल होता. गरिबीची अट गेली, नागरी सैन्य म्हणजे मिलिशियाची सेवाही मोजली जाऊ लागली. दोन वर्षे सेवा असेल तर तहहयात पूर्ण पगार, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत असेल तर त्या प्रमाणात. पायदळातल्या शिपायाचा पूर्ण पगार वर्षाला ८० डॉलर, त्यामुळे सहा महिनेवाल्याच्या हाती २० डॉलर पडत. विधवेला यात मिळे ते नवरा मेल्या दिवसापर्यंतची थकबाकी. दुसऱ्या दिवसापासून काही नाही.

मग ४ जुलै १८३६ चा कायदा आला. नवरा १८३२ च्या कायद्याखाली पात्र ठरला असता तर त्याला जे मिळाले असते, ते विधवेला मिळेल. पण अट अशी की लग्न त्याच्या ‘सेवेचा शेवटचा काळ’ संपण्यापूर्वी झालेले असले पाहिजे. या तीन शब्दांनी जेवढी शाई खाल्ली तेवढी लढायांच्या वर्णनांनीही खाल्ली नसेल.

हेतू समजण्यासारखा आहे. ज्या बाईने युद्धात घर, शेत, पोरे एकटीने सांभाळली तिला द्यायचे. म्हाताऱ्याच्या पेन्शनवर डोळा ठेवून पुढे लग्न केलेलीला नाही. पण मिलिशियातली माणसे सलग लढत नसत. दोन-तीन महिन्यांच्या पाळीवर जात, पेरणीला घरी येत, पुन्हा बोलावणे आले की जात. समजा, एक गडी १७७६ पासून दोन वर्षे सैन्यात होता, १७८० च्या नोव्हेंबरात त्याचे लग्न झाले. एवढ्यावर त्याची बायको बाद. पण १७८१ मध्ये तो मिलिशियाच्या दोन महिन्यांच्या पाळीवर गेला असेल, तर शेवटचा काळ लग्नानंतर संपतो आणि तीच बाई पात्र ठरते. म्हणजे दोन वर्षांच्या लढाईपेक्षा त्या किरकोळ पाळीची किंमत जास्त! साहजिकच विधवांच्या जबान्या मोठ्या लढायांपेक्षा अशा फुटकळ पाळ्यांभोवती घोटाळतात. कोणत्या महिन्यात गेला, शेतात काय उभे होते, कोणते मूल पोटात होते, बरोबर शेजारचा कोण गेला होता.

दुसरा तिढा १७८३ चा. त्या जूनमध्ये सैन्यातल्या बहुतेकांना रजेवर घरी धाडले गेले. रीतसर सुटका ३ नोव्हेंबरला झाली. ऑगस्टमध्ये ज्याने लग्न केले तो सैनिक होता की नव्हता? कायद्याच्या अक्षराने होता. घरी नांगर धरून उभा होता, हेही खरे. माझे मत विचाराल तर ही अट लिहिणाऱ्यांनी सैन्य डोळ्यांपुढे ठेवले आणि मिलिशिया विसरले.

दोनच वर्षांत, ७ जुलै १८३८ ला, अट ढिली झाली : लग्न १ जानेवारी १७९४ पूर्वीचे असले की पुरे, पेन्शन मात्र पाचच वर्षांसाठी. १७९३ च्या डिसेंबरातली नवरी आणि जानेवारीतली नवरी यांच्यात युद्धाच्या हिशेबाने काय फरक? काहीच नाही. दोघींचीही लग्ने युद्ध संपून दहा वर्षांनी झालेली. म्हणजे त्याग मोजण्याची मूळ कल्पना तिथेच सुटली आणि मागे नुसती तारीख उरली. पाच वर्षे १८४३ आणि १८४४ मध्ये वाढवली गेली, १८४८ मध्ये तहहयात झाली, आणि त्याच वर्षी तारीख १८०० च्या आरंभापर्यंत सरकली. फेब्रुवारी १८५३ मध्ये तारखेची अट पूर्णच गेली.

‘विधवा’ हा शब्दही वाटतो तेवढा सरळ नव्हता. सैनिक नवरा गेल्यावर जिने दुसरे लग्न केले आणि तोही नवरा गेला, ती कोणाची विधवा? १८४२ मध्ये ठरले की १८३८ च्या कायद्याखाली अर्ज करताना ती विधवा असली म्हणजे झाले, मधले लग्न आड येणार नाही.

लग्न सिद्ध करणे हे आणखी एक प्रकरण. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांत, गावाचा कारकून लग्ने नोंदवत असे, तिथे उतारा मिळे. दक्षिणेत आणि सरहद्दीवर बहुधा धर्मोपदेशकाच्या वहीवर भिस्त, आणि ती वही बऱ्याचदा त्याच्याबरोबरच गेलेली. मग घरातल्या बायबलमधले कुळाच्या नोंदींचे पान कात्रीने कापून किंवा सरळ फाडून अर्जाला जोडले जाई. एका बाजूची कड दातेरी, तपकिरी पडलेल्या शाईत लग्नाची तारीख, खाली मुलांच्या जन्मांची उतरंड, एखाद्या नावापुढे मृत्यूची नोंद दुसऱ्याच हस्ताक्षरात. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन कुटुंबांनी वेलबुट्टीची रंगीत जन्मपत्रे पाठवली, कोणी मुलीने भरतकाम केलेले कापड पाठवले. पान नंतर कोणी लिहून काढले नाही ना, हे शेजाऱ्यांनी शपथेवर सांगायचे. थोरल्या मुलाचे वय हाही पुरावा, त्यामुळे ऐंशीच्या बाईला लग्न आणि पहिले बाळंतपण यांतले महिने भर न्यायालयात मोजून दाखवावे लागत. शेवटी अनेकींची सही म्हणजे एक फुली. नोव्हेंबरात आजीला बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी नेलेल्या कोणालाही ती खुर्ची आणि ते वाट पाहणे ओळखीचे वाटेल.

ज्या काळ्या सैनिकांची लग्ने गुलामगिरीत झाली, त्यांच्या विधवांची गत याहून वाईट. त्या लग्नांना मुळात कायद्याची मान्यताच नव्हती. पान कुठून फाडायचे?

उलटाही एक नमुना आहे. मॅसॅच्युसेट्सची एक बाई पुरुषाच्या वेशात सैन्यात लढली होती आणि तिला स्वतःला पेन्शन होते. ती गेल्यावर तिच्या नवऱ्याने सैनिकाचा विधुर म्हणून मागणी केली. निर्णयाआधीच तो वारला, आणि १८३८ मध्ये खास कायद्याने वारसांना ४६६.६६ डॉलर मिळाले. हिशेब वर्षाला ८० डॉलरचाच.

कागद नसण्यात सरकारचाही हात होता, हे या चर्चेत कमी बोलले जाते. नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागून तोवरचे अर्ज आणि दाखले जळाले. १८१४ मध्ये इंग्रजांनी राजधानी पेटवली तेव्हा आणखी गेले. पुरावा द्या म्हणून सांगणाऱ्याच्याच दप्तरात राख होती.

१८५३ नंतर चित्र पालटले. जिला द्यायचे नाही म्हणून १८३६ ची अट घातली होती, तीच आता सगळ्यात जास्त काळ पेन्शन घेणारी ठरली. व्हर्मॉंटमधल्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने १८३५ मध्ये पंचाहत्तर वर्षांच्या माजी सैनिकाशी लग्न केले होते. तो १८५३ मध्ये गेला. १८७८ च्या कायद्याने तर चौदा दिवसांची सेवा किंवा एका चकमकीतला सहभागही पुरेसा धरला. शेवटचा सैनिक १८६९ मध्ये गेला आणि ही बाई, क्रांतियुद्धाच्या पेन्शनवरची शेवटची विधवा, नोव्हेंबर १९०६ मध्ये. युद्ध संपून १२३ वर्षे झाली होती. खास कायद्याने पेन्शन मिळालेली एका सैनिकाची मुलगी त्यानंतरही १९११ पर्यंत होती.

अर्जांच्या सुमारे ८० हजार फायली आता छायाचित्रित होऊन कोणालाही पाहता येतात. मंजूर विधवांच्या फायलीवर डब्ल्यू, नाकारलेल्यांवर आर. फाडलेली पाने अजून त्यांतच आहेत, आणि वंशावळी शोधणारे पणतू-खापरपणतू आज त्यांवरूनच खापरपणजीच्या लग्नाची तारीख उतरवून घेतात, आर लिहिलेल्या फायलींमधूनसुद्धा.