कॅलिफोर्नियाचं लायसन्स : दुहेरी पिवळी रेघ आणि कागदपत्रं

रस्त्याच्या मधोमध दोन सलग पिवळ्या रेघा आहेत. डाव्या हाताला, समोरून येणाऱ्या वाहनांच्या पलीकडे, दुकानाच्या पार्किंगचं तोंड आहे. वळता येईल का?

कॅलिफोर्नियाच्या लेखी परीक्षेची तयारी करताना आपल्यातले बरेच जण इथे अडखळतात. ‘सलग रेघ ओलांडायची नाही’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की उत्तर ‘नाही’ असंच सुचतं. बरोबर उत्तर आहे ‘हो’. तिथल्या वाहन कायद्याचं कलम २१४६० या रेघांच्या डावीकडून गाडी चालवायला, म्हणजे मुख्यतः ओव्हरटेक करायला, मनाई करतं. पण चौकात डावीकडे वळताना, एखाद्याच्या घराच्या किंवा दुकानाच्या वाटेत शिरताना वा तिथून बाहेर पडताना, आणि परवानगी असेल तिथे यू-टर्न घेताना ही रेघ ओलांडता येते. अर्थात समोरच्याला आधी जाऊ द्यायचं आणि वळण्याच्या १०० फूट आधी सिग्नल द्यायचा.

खरी मेख पुढे आहे. दुहेरी रेघांच्या दोन जोड्या असतील आणि त्यांच्यात दोन फूट किंवा जास्त अंतर असेल, तर ती भिंत समजायची. कलम २१६५१ प्रमाणे तिथे वळायचं नाही, यू-टर्नही नाही. मुद्दाम ठेवलेल्या मोकळ्या जागेतूनच पलीकडे जायचं. म्हणून ‘चार पिवळ्या रेघा म्हणजे डिव्हायडर’ एवढं पाठ करून ठेवा. आणि एक लक्षात असू द्या, आपल्याकडे डावं वळण सोपं. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे डावं वळण म्हणजे आपलं उजवं. सगळी धाकधूक तिथेच.

आता अर्जाकडे. मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेले आई-बाबा पाहुणे असतात. वय १८ च्या वर असेल आणि भारतातलं लायसन्स चालू असेल, तर त्यांना वेगळं लायसन्स काढावं लागत नाही. आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना मात्र तिथे लायसन्स म्हणून धरत नाहीत. तो मूळ लायसन्सचा अनुवाद, एवढंच. मूळ कार्ड खिशात हवंच. नोकरीसाठी येऊन तिथे राहायला लागलेल्यांनी रहिवासी झाल्यापासून १० दिवसांत अर्ज करायचा असतो. भारतातल्या लायसन्सवर लेखी परीक्षाही माफ नाही, गाडी चालवून दाखवण्याची चाचणीही नाही.

अर्ज मोटार वाहन विभागाच्या संकेतस्थळावर भरायचा, मग कार्यालयात जायचं. सोबत पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद) आणि सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकार कमावणाऱ्यांना देतं तो ओळख क्रमांक). रिअल आयडी, म्हणजे अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानप्रवासालाही ओळखपत्र म्हणून चालणारं लायसन्स, हवं असेल तर राहत्या पत्त्याचे दोन पुरावे लागतात. भाडेकरार, विजेचं बिल किंवा बँकेचं स्टेटमेंट चालतं. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर लायसन्सची मुदतही साधारणपणे मुक्कामाच्या परवानगीला बांधलेली असते.

मराठी माणसाची खास अडचण नावाची. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, आणि सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत तेच कधी मधलं नाव होतं, कधी गळून पडतं. विभाग ही नोंद ताडून पाहतो. त्यामुळे अर्ज भरण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या.

कार्यालयात फोटो, अंगठ्याचा ठसा, नजरेची तपासणी आणि फी उरकली की लेखी परीक्षा. प्रौढांना ३६ प्रश्न, त्यातले ३० बरोबर यायला हवेत. तीन संधी मिळतात, अर्ज १२ महिने चालतो. पास झालात की शिकाऊ परवाना. शेजारी कॅलिफोर्नियाचं लायसन्स असलेली, १८ वर्षांवरची व्यक्ती बसवूनच सराव करायचा.

ड्रायव्हिंगच्या चाचणीला गाडी आपणच न्यायची, नोंदणीचा कागद आणि विमा दाखवायचा. निघण्याआधी हाताचे इशारे विचारतात. मग रस्त्यावर पुन्हा तेच डावं वळण! समोरची वाहनं जाईपर्यंत थांबलेले असताना पुढची चाकं सरळ ठेवा. आधीच डावीकडे वळवून ठेवली आणि मागून कोणी धडकलं, तर तुमची गाडी थेट समोरच्या रहदारीत ढकलली जाईल. १५ पर्यंत किरकोळ चुका खपतात, पण परीक्षकाला हस्तक्षेप करावा लागला तर चाचणी तिथेच संपली.

उत्तीर्ण झाल्यावर हातात कागदी, तात्पुरतं लायसन्स येतं. कार्ड नंतर टपालाने. त्या कागदावर फोटो नसतो, तेव्हा विमानतळावर किंवा बँकेत ओळख पटवायला तोवर पासपोर्टच न्या.