पाणबुडी, स्वनिर्मित

हौशी व्यक्तीने स्वतःच्या कार्यशाळेत बांधलेली, एक-दोन माणसे बसतील एवढी लहान पाणबुडी. स्कूबा पाणबुड्या (बुडी मारणारा माणूस) पाठीवरील टाकीतील हवा घेत स्वतः पाण्यात उतरतो व भोवतालचा दाब शरीरावर झेलतो. स्वनिर्मित ‘कोरड्या’ पाणबुडीत तो दाब पोलादी कवच झेलते आणि आत पृष्ठभागावरचाच दाब राहतो. चालक स्कूबा टाकी लावूनच बसतो अशा ‘ओल्या’ पाणबुडीचा येथे विचार केलेला नाही.

अशा यानांचा आरंभ नेमका कोठे मानावा, याबद्दल मतभेद आहेत. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आश्रयाने सुमारे १६२०–२४ च्या दरम्यान तेलकट कातड्याने मढविलेली वल्ह्यांची नाव लंडनच्या टेम्स नदीत पाण्याखाली चालविली, असे सांगितले जाते. तथापि ती पूर्ण बुडत होती, की पृष्ठभागालगत अर्धवट बुडून वाहत होती, याविषयी एकवाक्यता नाही. आतील हवा ताजी करणाऱ्या एका द्रवाची रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी १६६० मध्ये केलेली नोंद ऐकीव आहे. त्यावरून ड्रेबेलने सोरा तापवून ऑक्सिजन मिळविला असावा, असे काही अभ्यासक मानतात. परंतु एवढ्या आधारावर पूर्ण बुडण्याचा पक्ष स्वीकारणे कठीण असून अर्धवट बुडण्याचा पक्ष अधिक संभाव्य वाटतो. एका माणसाच्या यानाचे निःसंशय उदाहरण म्हणजे डेव्हिड बुशनेलने १७७५ मध्ये अमेरिकेत बांधलेले हातदांड्याचे लाकडी ‘टर्टल’. या यानाने १७७६ मध्ये न्यूयॉर्क बंदरात केलेल्या हल्ल्याचा उल्लेख मात्र ब्रिटिश नोंदींत आढळत नाही. स्कूबाची आजची पद्धत कूस्तो व गान्यां या फ्रेंच जोडीच्या, श्वासागणिक टाकीतील हवा पुरविणाऱ्या १९४३ मधील झडपेपासून रूढ झाली. विसाव्या शतकात जॉर्ज किट्रेज या निवृत्त अमेरिकी नौदल अधिकाऱ्याच्या ‘के-२५०’, ‘के-३५०’ या आराखड्यांवरून अनेकांनी पाणबुड्या बांधल्या. नावांतील आकडे खोली फुटांत दर्शवितात.

पाण्यात दर १० मी. खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने (समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका) वाढतो. ६० सेंमी. व्यासाच्या झाकणावर १० मी. खोलीवर सुमारे २.८ टन भार येतो. त्यामुळे पाणी आत भरून दाब समान झाल्याखेरीज ते आतून उघडत नाही, ही गोष्ट प्रत्येक बांधणाऱ्याने आधी मनात पक्की केली पाहिजे. स्कूबात ३० मी. खोलीवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या चौपट हवा खर्च होते. कोरड्या पाणबुडीत खोलीने हा खर्च वाढत नाही, मात्र कार्बन डायऑक्साइड साचतो: दोन घनमीटर हवेत एका माणसाच्या श्वासाने त्याचे प्रमाण तासाला सुमारे १ टक्क्याने वाढते. म्हणून तो शोषून घेणाऱ्या सोडा लाइम या चुनायुक्त मिश्रणाचे शोषक अनिवार्य ठरते.

पुण्याच्या संदर्भात दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. खडकवासल्यासारख्या गोड्या पाण्यात तोल साधलेली, दोन घनमीटर आकारमानाची पाणबुडी मालवणच्या समुद्रात नेली, तर खारे पाणी सुमारे २.५ टक्के जड असल्याने तिच्यात सुमारे ५० किग्रॅ. वजन वाढवावे लागते. पाणबुड्याला कमरपट्ट्यात दोन-तीन किलो शिसे वाढविले की पुरते. दुसरी बाब उंचीची. हा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मी. उंचीवर असल्याने तेथे हवेचा दाब कमी असतो, आणि किती खोलीवर किती वेळ राहावे हे सांगणारी स्कूबाची नेहमीची कोष्टके ३०० मी. उंचीपलीकडे तशीच वापरता येत नाहीत. तारकर्लीत बुडी मारून त्याच दिवशी आंबोली घाट चढून पुण्याकडे निघालेल्याच्या रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपाने सुटू शकतो. म्हणून विमानप्रवासाप्रमाणेच येथेही एका बुडीनंतर किमान १२ तास व अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबणे शहाणपणाचे. कोरड्या पाणबुडीतून बाहेर आलेला माणूस मात्र लगेच घाट चढू शकतो.