‘स्क्रू बसला म्हणजे झालं’ हे खरं नाही
इम्प्लांटवरच्या, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरच्या, दाताला कुठल्याही कंपनीचा अबटमेंट (इम्प्लांट आणि दात जोडणारा भाग) आणि स्क्रू चालतो, बसला म्हणजे झालं, हा समज सांगलीत मी वर्षानुवर्षं ऐकतोय. परवा तासगावच्या एक काकू आल्या. “डॉक्टर, दात हलतोय, इम्प्लांट गेलं का हो?” इम्प्लांट हाडात घट्ट होतं, सैल झाला होता आतला स्क्रू. भिंगाखाली धरला, तर आट्यांच्या कडा एकाच बाजूला घासून चकचकीत झालेल्या.

स्क्रू आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच अबटमेंट इम्प्लांटला घट्ट धरून राहतं. बऱ्याच कंपन्यांच्या सिस्टिममध्ये आवळण्याचा जोर 30-35 न्यूटन-सेंटिमीटर असतो. जोड काही मायक्रॉननी जरी चुकला, तरी चावताना सूक्ष्म हालचाल होते, ताण उतरतो, स्क्रू सैल होतो. कधी आतच तुटतो. एवढीशी फट एक्स-रेत बहुधा दिसतही नाही.

सगळे कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेले जुळणारे, भाग वाईट, असंही नाही. पण त्यांचा दर्जा कंपनीगणिक बदलतो, म्हणून मी शक्यतो मूळ कंपनीचेच वापरतो. इम्प्लांटचं नाव आणि माप लिहिलेलं कार्ड दवाखान्यातून आवर्जून मागून घ्या. काकूंकडे ते नव्हतं. योग्य स्क्रू शोधण्यात आठवडा गेला.