कोंबडीच्या वाढीचा वक्र

एका दिवसाचं पिल्लू शेडमध्ये उतरतं तेव्हा ते जेमतेम 40 ग्रॅमचं असतं. सहा आठवड्यांच्या आत तेच ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी, दोन किलोच्या पुढे जातं. मोहोळ-बार्शीकडच्या कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला बॅच किती दिवसांची झाली ते तोंडपाठ असतं. रोजची वाढ कधी मंदावू लागते, ते मात्र गणितातून काढावं लागतं.

त्यासाठी गोम्पर्ट्झचं सूत्र फार वापरलं जातं. बेंजामिन गोम्पर्ट्झ यांचा कोंबड्यांशी काडीचा संबंध नव्हता. विम्याची गणितं करणाऱ्या या इंग्रज गृहस्थांनी 1825 मध्ये ते माणसांच्या मृत्युदरासाठी मांडलं. या सूत्रातून निघणाऱ्या वक्रात, म्हणजे वयाप्रमाणे वजन दाखवणाऱ्या रेषेत, वाढ आधी सावकाश, मग झपाट्याने आणि पुढे पुन्हा सावकाश होते. रोजची वाढ सर्वाधिक असते ती पूर्ण वजनाच्या सुमारे 37 टक्क्यांवर. पूर्ण वाढलेला पक्षी 6 किलोचा धरला, तर हा टप्पा 2 किलो 200 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे विक्रीच्या वेळीच येतो.

खरी गोम त्या 6 किलोत आहे. ब्रॉयलर इतके दिवस ठेवतो कोण? हाती असते ती वक्राची फक्त पहिली बाजू, त्यामुळे शेवटच्या आठवड्यातली दोन-चार वजनं चुकली तरी अंतिम वजनाचा अंदाज किलोभर सरकू शकतो.

म्हणून वजन घेण्याची पद्धत सूत्राइतकीच महत्त्वाची. हाताला लागेल तो पक्षी उचलला, तर मंद, आजारी पक्षीच जास्त येतात. त्यापेक्षा शेडच्या तीन-चार ठिकाणी जाळी लावून घोळका अडवावा आणि आत सापडलेला प्रत्येक पक्षी काट्यावर घ्यावा, अगदी शेवटचा मरतुकडासुद्धा. नर मादीपेक्षा जड भरतो, तेव्हा जमल्यास दोघांचे वक्र वेगळे काढलेले बरे. वय वाढतं तशी वजनांतली तफावतही वाढते. नुसत्या सरासरीत ती लपते.

सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पक्षी धापा टाकतात, कारण त्यांना घाम येत नाही. अंगातली उष्णता वाढू नये म्हणून खाद्यही कमी खातात. हिवाळ्यातल्या बॅचवर बसवलेला वक्र तेव्हा एप्रिल-मेच्या बॅचला लावला, तर वजनाचा अंदाज जास्तच निघतो आणि गाडी ठरल्या दिवशी येऊन हलके पक्षी भरून नेते. उन्हाळ्याचे आकडे वेगळ्या वहीत ठेवलेले बरे.