गॅस संपलाय की हवा अडकलीये? एसीवर बर्फ धरला की आधी हे बघा

मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा, कुठलाही दमट पट्टा घ्या, मे महिना आला की घराघरात एकच वाक्य ऐकू येतं, "एसी थंड करत नाहीये, गॅस संपला असेल." मग मेकॅनिक येतो, गेज म्हणजे गॅसचं प्रेशर दाखवणारं मीटर लावतो, काटा खाली आहे म्हणतो, गॅस भरतो, पैसे घेतो आणि जातो. पुढच्या सीझनला परत तेच. खरंतर यातल्या कितीतरी एसींमध्ये गॅस जागच्या जागी असतो, अडकलेली असते ती हवा.

गॅसचं थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांना माहीत असतं. तो बंद पाइपांमध्ये गोल गोल फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, दुसरं कारणच नाही. "दर दोन वर्षांनी गॅस भरायलाच लागतो" किंवा "उन्हाने गॅस उडतो" असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका, एवढं स्पष्ट बोलतो.

हवा अडकते म्हणजे फिल्टर, कूलिंग कॉइल (फिल्टरमागची गार होणारी पाइपांची जाळी) नाहीतर ब्लोअर (हवा बाहेर ढकलणारा आतला पंखा) घाणीने भरलेला असतो. फिल्टर सगळे धुतात, ब्लोअरकडे कुणी बघत नाही. आणि आपल्याकडच्या हवेत धूळ कोरडी राहतच नाही, ती ब्लोअरच्या ओल्या पात्यांवर चिकटते, त्यात बुरशी धरते, काळा थर होतो आणि मोटर फिरत असली तरी हवा बाहेर ढकललीच जात नाही. टॉर्च मारून झडपांमधून आत बघा, दिसेल.

खोलीत पाणी टपकतंय म्हणून गॅस लीक झाला असं समजणारेही आहेत. गॅस बाहेर पडताना पाणी होऊन पडत नाही. बहुतेक वेळा ड्रेन पाइप तुंबलेला असतो, साफ करा, विषय संपला.

आता मुख्य घोळ. दोन्ही बिघाडांत कॉइलवर बर्फ धरतो आणि दोन्हींत गेजचा काटा खालीच जातो. गॅस कमी असला की कॉइलमधलं प्रेशर पडतं, प्रेशर पडलं की तिथलं तापमान शून्याच्या खाली जातं आणि हवेतली ओल तिथेच गोठते. पण हवा अडकली तरी नेमकं हेच होतं, कारण खोलीतली उष्णता कॉइलपर्यंत पोचतच नाही, आतल्या द्रवरूप गॅसला उकळायला उष्णता मिळत नाही, मग प्रेशर पडतं, बर्फ धरतो, बर्फाने हवा अजून अडते. म्हणजे घाणेरड्या कॉइलवर गेज लावून "गॅस कमी आहे" म्हणणं हे निदानच नाही. त्यात इन्व्हर्टर एसी असेल तर कंप्रेसरचा स्पीड सारखा बदलत असतो, त्यामुळे काटाही हलत राहतो, तिथे नुसत्या गेजवर विसंबणं म्हणजे सरळ अंदाजपंचे काम.

मेकॅनिक येईपर्यंत तर कॉइलचा अख्खा बर्फाचा गोळा झालेला असतो आणि मग दोन्ही बिघाड डोळ्यांनाही सारखेच दिसतात. म्हणून आधी बर्फ पूर्ण वितळू द्या, एसी नुसत्या फॅन मोडवर दोनेक तास चालवा, फिल्टर धुवून बसवा, मग कूलिंगवर २० डिग्री आणि फॅन फुल करून पहिली १५-२० मिनिटं पुढचं झाकण उघडून बघत बसा. बर्फ किती धरला याला काही अर्थ नाही, तो आधी कुठे धरतोय ते बघायचं.

गॅस कमी असेल तर कॉइलच्या एका कोपऱ्यात, जिथून गॅस आत येतो तिथेच पांढरं धरायला लागतं, बाकीची कॉइल कोरडी आणि कोमट राहते. हवा जोरात येते पण गार नसते. बाहेरच्या युनिटपाशी बारीक पाइपच्या नटावर बर्फ असतो आणि जाड पाइप हाताला गार लागत नाही. हवा अडकली असेल तर बरोबर उलटं, कॉइल सगळीकडे सारखी ओली होते, मग सगळीकडे सारखा बर्फ धरते, हवा अगदी कमी येते पण जेवढी येते तेवढी मस्त गार, आणि जाड पाइप बर्फगार, कधी कधी त्यावरही बर्फ कंप्रेसरपर्यंत गेलेला. हात लावायला मीटर लागत नाही, मेकॅनिकला बोलवायच्या आधी हे करा.

अजून एक गोष्ट फक्त आपल्या दमट पट्ट्याची. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत जितका फरक पडतो तितका जूनमध्ये दादरला पडणार नाही, कारण इथे एसीची ताकद हवेतली वाफ पाणी करण्यात जाते. दीड टनाचा एसी म्हणजे साधारण ५.३ किलोवॅटचं कूलिंग, तासाला २ लिटर पाणी काढत असेल तर त्यातलं जवळजवळ १.४ किलोवॅट नुसतं पाणी करण्यातच गेलं. त्यामुळे "ग्रिलवर पुरेसं गार नाही, गॅस टाकू" हे ऐकून लगेच हो म्हणू नका. ड्रेनमधून धो धो पाणी येतंय तर एसी काम करतोय, आधी दारं-खिडक्यांच्या फटी बघा.

"पण गॅस भरल्यावर चालू झाला ना!" हो, कारण त्याने त्याच वेळी जेट पंपाने सर्व्हिसही केली, किंवा बंद ठेवल्यावर बर्फ वितळला. धुतल्याचा फायदा गॅसच्या नावावर खपतो. वर जास्तीचा गॅस आतच राहतो, कंप्रेसरवर लोड येतो, द्रव गॅस त्यात परत शिरतो आणि चांगला कंप्रेसर मरतो. मग सांगतात, जुना झाला, नवीन घ्या. याची मला खरी चीड आहे.

आता खरंच लीक असेल तर. समुद्राजवळ खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल सडते, तिच्यातल्या तांब्याला बारीक भोकं पडतात. तेलकट डाग शोधा, तिथेच लीक असतं. साबणाचं पाणी लावलं की नटावरचं मोठं लीक फेसाने कळतं, बारीक असेल तर नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करून घ्या. लीक बुजवल्याशिवाय टॉपअप अजिबात नाही. नटावर असेल तर स्वस्तात सुटतं, कॉइल जागोजागी फुटली असेल आणि मशीन दहा वर्षं जुनं असेल तर मी कॉइल न बदलता एसीच बदलेन. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम करून, म्हणजे पाइपांतली हवा पंपाने काढून, गॅस वजन करून भरायचा, बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर किती ग्रॅम ते छापलेलं असतं. आर३२ जातीचा गॅस असेल तर तो पेट घेऊ शकतो, गॅस आत असताना पाइपला जोडकामाची पेटती टॉर्च लावणाऱ्याला घरात घेऊ नका. आणि किती ग्रॅम टाकला ते बिलावर लिहून मागा, वजनकाटाच नसेल आणलेला तर भरू देऊ नका.