कलम गेलं, चारसोबीस राहिला

1 जुलै 2024 ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्याबरोबर 420 हे कलमही गेलं. फसवणूक आता कलम 318 मध्ये बसते. पण गल्लीतल्या लबाडाला ‘पक्का तीनसो अठरा आहे’ म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

आकडा मेकॉलेच्या काळातला. त्याच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने 1837 मध्ये मसुदा तयार केला, कायदा झाला 1860 मध्ये आणि अंमल सुरू झाला 1 जानेवारी 1862 पासून. फसवणूक म्हणजे काय ते 415 सांगायचं, तोतयेगिरी करून फसवलं तर 419, आणि फसवून मालमत्ता उकळली की 420. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद, वर दंड. भिशी बुडवणारा, एकच फ्लॅट दोघांना विकणारा, नोकरी लावतो म्हणून पैसे घेऊन पसार होणारा, सगळे इथेच यायचे. 302 सुद्धा लोकांना पाठ असतं, पण खुन्याला कुणी ‘तीनसो दोन’ अशी हाक मारत नाही. खुनाची थट्टा होत नाही. लबाडीची होते, आणि थोडं कौतुकही.

मराठीत शब्दांची वानवा होती असंही नाही. टोपी घालणं, शेंडी लावणं, गंडवणं, चुना लावणं सगळं हाताशी होतं. तरी आपण हिंदी उच्चारच उचलला. ‘चारशेवीस’ म्हटलं की किराण्याचं बिल वाटतं. ‘चारसोबीस’ म्हटलं की माणूस डोळ्यांसमोर येतो.

1955 मध्ये राज कपूरचा ‘श्री 420’ आला. शब्द सिनेमाने जन्माला घातला असं मात्र नाही. प्रेक्षकाला 420 आधीच कळत नसता, तर त्या ‘श्री’तली खोच वायाच गेली असती. 1997 च्या ‘चाची 420’लाही हाच आकडा कामी आला.

आता इन्स्टाग्रामवर 20 एप्रिलला गांजाची खूण म्हणून जे 420 फिरतं, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. ते कॅलिफोर्नियातलं. 1971 मध्ये सॅन राफेल हायस्कूलची काही पोरं बेवारस गांजाचं शेत शोधायला दुपारी 4 वाजून 20 मिनिटांनी शाळेतल्या लुई पाश्चरच्या पुतळ्यापाशी जमायची. शेत सापडलं नाही, खूण राहिली. हा पोलिसांचा गुप्त कोड होता, ही तिथली आवडती दंतकथा. आपल्याकडे मात्र हा आकडा खरोखरच कायद्यातून आला.

जवळचं नातं हवं तर नायजेरियाकडे पाहावं. ‘तुम्हाला कोट्यवधींचा वारसा मिळालाय’ छापाच्या ईमेलना जगभर ‘419’ म्हणतात, ते तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलमावरून.

420 चा धसका मात्र दोन्हीकडे सारखाच. अमेरिकेत कोलोरॅडोच्या महामार्गावरचा 420 मैलाचा फलक लोक इतक्यांदा चोरून नेत की शेवटी तिथे 419.99 लिहिलं गेलं. आपल्या लोकसभेतही 420 क्रमांकाचं आसन नको झालं; त्याला 419-अ असा आकडा दिला गेला. 419 म्हणजे तोतयेगिरीचं कलम, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.